हँडलिंग चार्जेस

मोटारसायकलच्या कोटेशनवर वरून खाली फिरणारं तपासनिसांचं बोट एका ओळीपाशी येऊन थांबलं. हे बोट थांबलं की समोरच्याच्या पोटात गोळा येतो, असा त्यांचा कचेरीतला अनुभव होता. दुसऱ्यांच्या खर्चावर आक्षेप काढणं हाच त्यांचा पेशा. लेखातपासणीला ते येणार म्हटलं की गावोगावचे कारकून आदल्या दिवशी रजेचे अर्ज टाकत.

"हे काय?" त्यांनी विचारलं.

सेल्समनच्या पोटात काहीही आलं नाही. त्यानं वाकून बघितलं. "हँडलिंग चार्जेस, सर."

"म्हणजे?"

"गाडी हँडल करण्याचे."

"कुणी केली हँडल?"

"आम्ही, सर. कारखान्यातून ट्रक येतो. त्यातून उतरवायची, पुसायची, इथं आणून उभी करायची."

"आणि नाही उतरवली तर?"

"तर ट्रकमध्येच राहील ना, सर."

"मग मी ट्रकमधून घेतो."

सेल्समन मनापासून हसला. "सर, तुम्ही जोक छान करता."

तपासनिसांनी आयुष्यात कधी जोक केला नव्हता. ते लालबुंद झाले. भाजीवाली टोपलीतून भाजी उचलून तराजूत टाकते, ती कधी हाताळणी लावते का? न्हावी तर अख्खं डोकं हाताळतो, तरी पैसे केसांचेच घेतो. हे सगळं त्यांनी सेल्समनला नीट समजावून सांगितलं. त्यानं ते सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "कंपनीची पॉलिसी आहे, सर."

रक्कम तशी किरकोळ होती. एखाद्यानं गाडीच्या आनंदात बघितलीही नसती. पण प्रश्न रकमेचा नव्हता. 'प्रश्न रकमेचा नाही' असं म्हणणाऱ्या माणसांनी जगाला जेवढा ताप दिलाय तेवढा रकमेनं कधी दिलेला नाही. पण हे तपासनिसांना सांगणार कोण? बायको सांगू शकली असती. त्यांची जुनी स्कूटर बंद पडल्यापासून ती वह्यांचा गठ्ठा सांभाळत दोन बस बदलून शाळेत जात होती. संध्याकाळी सगळी हकिगत ऐकून ती एवढंच म्हणाली, "भरून टाका ना एकदाचे."

"अगं, तत्त्वाचा प्रश्न आहे."

"बरं," ती म्हणाली आणि वह्या तपासायला बसली. तिच्या 'बरं'मध्ये बरंच काही होतं, पण तपासनिसांचं बोट तिथं थांबलं नाही.

बातमी इमारतीत फिरायला वेळ लागला नाही. वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर लगोलग खाली आले. हेडमास्तर कुठल्याही प्रश्नाकडे प्रार्थनेनंतरच्या भाषणाच्या उंचीवरून बघत. "लेखी मागा," ते म्हणाले. "हे शुल्क कोणत्या नियमान्वये आकारता, एवढंच विचारा. लेखी मागितलं की अन्याय पळतो."

"अन्याय पळतो आणि गाडी तिथंच राहते," शेजारचे विमा एजंट म्हणाले. ते दार उघडंच टाकून ऐकत होते, आता चहाचा कप घेऊन सरळ आतच आले. "तुम्हाला उठायचं कसं, ते माहीत आहे का?"

"म्हणजे?"

"बोलणी अडली की खुर्ची मागे सारायची. 'मग राहू द्या' म्हणायचं. दाराकडे चालू लागायचं. सावकाश. मागे वळून बघायचं नाही. दारापर्यंत पोचायच्या आत हाक येतेच. मी फ्रिज असाच घेतलाय, कपाट असंच घेतलंय. बायकोच्या ऑपरेशनच्या वेळी हॉस्पिटलातून उठलो होतो."

"मग आली हाक?"

"बायकोनं मारली. पण मारली!"

तपासनिसांना हा उपाय पटला, कारण त्यात बोलायचं कमी आणि बाणेदारपणा जास्त होता. शनिवारी ते शोरूममध्ये गेले, पुन्हा तेच कोटेशन समोर घेतलं, पुन्हा त्याच ओळीवर बोट ठेवलं. सेल्समन पुन्हा पॉलिसी म्हणाला. तपासनिसांनी खुर्ची मागे सारली.

"मग राहू द्या."

"बरं, सर," सेल्समन म्हणाला.

हे ठरलेलं नव्हतं. पण आता थांबणं शक्य नव्हतं. तपासनीस चालू लागले. शोरूम चांगलंच लांबलचक होतं. दोन्ही बाजूंना नव्या कोऱ्या मोटारसायकली रांगेनं उभ्या होत्या आणि लष्करी पाहुण्यासारखे ते मधून मानवंदना घेत चालले होते. पाठीला कान फुटावेत तसं ते ऐकत होते. निम्मी वाट सरली. हाक नाही. त्यांनी पावलं आखूड केली. शेवटच्या गाडीपाशी थांबून तिच्या आरशात बघितलं, म्हणजे मागे वळून बघितल्यासारखं व्हायला नको. आरशात त्यांना स्वतःचंच नाक दिसलं, आणि नाकामागे दुसऱ्या गिऱ्हाइकाला गाडी दाखवणारा सेल्समन.

दार काचेचं आणि आपोआप उघडणारं होतं. ते उघडेना. तपासनीस एक पाऊल मागे आले, परत पुढे गेले. दार ढिम्म. त्यांनी हात हलवला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या अस्तित्वाचे पुरावे मागणाऱ्या माणसाला एक दार ओळख देईना. तेवढ्यात मागून हाक आली.

"सर!"

तपासनिसांच्या छातीत लख्ख उजेड पडला. विमा एजंटांना मनोमन नमस्कार करून ते अगदी सावकाश वळले.

"सर, थोडं डावीकडे सरका. दार तिकडून ओळखतं."

ते डावीकडे सरकले. दारानं त्यांना ओळखलं. ते बाहेर पडले.

बसस्टॉपवर पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं की येणाऱ्या बसचा नंबर दिसत नाहीये. तो दिसत नाहीये, कारण चष्मा डोळ्यांवर नाही. आणि चष्मा डोळ्यांवर नाही, कारण तो त्या ओळीवर, त्या कोटेशनवर, त्या टेबलावर आहे. बाणेदारपणे बाहेर पडलेल्या माणसाला पुन्हा आत जावं लागणं यासारखी नामुष्की नाही. दोन बस त्यांनी अंदाजानं सोडल्या, तिसरी बहुधा त्यांचीच होती, आणि मग ते परत निघाले. या वेळी दार लांबूनच उघडलं.

"पुसून ठेवलाय, सर," सेल्समन चष्मा पुढे करत म्हणाला.

"याचे किती?" तपासनिसांनी खवचटपणे विचारलं.

"याचे काही नाही, सर," सेल्समन अगदी निर्मळपणे म्हणाला.

आता हेडमास्तरांचा मार्ग उरला. तपासनिसांनी अर्धा दिवस रजा टाकली आणि वाहन नोंदणी कचेरी गाठली. इमारतीत शिरताच त्यांना घरी आल्यासारखं वाटलं. तोच कागदांचा वास, तेच गुरगुरणारे पंखे, भिंतीवर तसाच 'कृपया शांतता राखा' असा फलक आणि त्याखाली तसाच कलकलाट. इथं आपली भाषा समजणारी माणसं आहेत, या भरवशानं ते खिडकीपाशी उभे राहिले. पण ती खिडकी परवान्यांची होती. परवान्यांच्या खिडकीनं त्यांना नोंदणीच्या खिडकीकडे पाठवलं. नोंदणीच्या खिडकीनं 'चौकशी'कडे. 'चौकशी'ची खिडकी बंद होती, ती केव्हा उघडेल याची चौकशी परवान्यांच्या खिडकीत करायची होती. अखेर ती उघडली.

"हँडलिंग चार्जेस कायद्यात आहेत का?" तपासनिसांनी विचारलं.

आतल्या कारकुनानं पेनाला टोपण लावलं. "नाहीत."

तपासनिसांना त्याला मिठी मारावीशी वाटली. मध्ये जाळी होती. "मग बंद करा ते!"

"कायद्यात नाहीत म्हणून तर आम्हाला बंद करता येत नाहीत. कायद्यात असते तर बघितलं असतं."

"बरं, मग नाहीत असं लेखी द्या."

"काय लेखी देऊ? की नाहीत?"

"हो."

"जे आहे त्याचा दाखला आम्ही देतो, साहेब. जे नाही त्याचा दाखला देण्याचे अधिकार या कचेरीला नाहीत."

तपासनिसांना संताप आला आणि त्याच वेळी कौतुकही वाटलं. असं उत्तर त्यांनी स्वतःही अनेकांना दिलं होतं, पण इतक्या सफाईनं नाही. ते निमूटपणे बाहेर पडले.

"तुमचं चुकलं कुठं, सांगू?" संध्याकाळी विमा एजंट म्हणाले. "तुम्ही एकटे गेलात. एकट्या पुरुषाला कुणी घाबरत नाही. वहिनींना घेऊन जा. गिऱ्हाईक तयार आहे, पण बायको नको म्हणतेय, हे दिसलं की भलेभले सेल्समन लोळण घेतात."

बायको आधी हसली, मग नको म्हणाली, मग तिनं एकदा दाराशी ठेवलेल्या वह्यांच्या गठ्ठ्याकडे बघितलं आणि तयार झाली. तपासनिसांनी तिला दोन वाक्यं दिली. पहिलं, 'एवढे पैसे कशाला?' आणि दुसरं, 'आपल्याला नकोच गाडी.' जेवणाच्या टेबलावर तालीम झाली. कॉलेजात जाणारी लेक सेल्समन झाली.

"एवढे पैसे कशाला?" बायको म्हणाली आणि तिला हसू फुटलं.

"आई, तू फार गोड म्हणतेस," लेक म्हणाली. "मी सेल्समन असते तर चार्जेस वाढवले असते."

"जरा कडक बोल," तपासनीस म्हणाले. "मनातून आलं पाहिजे."

या सूचनेचा त्यांना पुढे फार पश्चात्ताप झाला.

रविवारी शोरूममध्ये गर्दी होती. शेजारच्या टेबलावर एक नवं जोडपं स्कूटरच्या कागदांवर सह्या करायच्या बेतात होतं. तपासनिसांनी घसा साफ केला. ती ठरलेली खूण होती.

"एवढे पैसे कशाला?" बायकोनं विचारलं. तालमीपेक्षा बरं झालं.

"मॅडम, ही कंपनीची पॉलिसी आहे."

"आपल्याला नकोच गाडी," बायको म्हणाली. हे तर फारच झकास झालं. तपासनिसांनी टेबलाखालून 'शाब्बास' अशी बोटं हलवली. आता गप्प बसायचं होतं.

बायको गप्प बसली. क्षणभरच. मग म्हणाली, "आणि मला विचारलं होतं कुणी?"

तपासनिसांनी चमकून तिच्याकडे बघितलं. हे संहितेत नव्हतं.

"गाडी कुठली, ते यांनी ठरवलं. रंग यांनी ठरवला. काळा. का? तर मळखाऊ! घरातले पडदे मळखाऊ. सोफा मळखाऊ. मला थंडीसाठी कोट आणला तोही मळखाऊ. मळ खाऊन खाऊन घराचा रंग काय आहे तेच आता आठवत नाही मला!"

ती गणित शिकवायची. शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवायची तिला सवय होती. शोरूमचा शेवटचा बाक बराच लांब होता, तरी पोचला. जोडप्यातल्या नवऱ्यानं पेन खाली ठेवलं.

"व्यायामाची सायकल आणली. तिच्यावर टॉवेल वाळतात. समुद्रावर जाऊ म्हणाले. सूर्यास्त बघू म्हणाले. वाटेत टोलनाक्यावर पावतीवरची तारीख चुकली, म्हणून हुज्जत घालत बसले. बघितला मी सूर्यास्त! टोलनाक्यावरून बघितला. ट्रकच्या मागे होता."

"अगं—" तपासनीस म्हणाले.

"इतकी वर्षं यांच्या मागे बसते मी, दादा," ती आता सेल्समनला सांगत होती. त्या बिचाऱ्यानं नकळत हात जोडले होते. "इतक्या वर्षांत एकदा, एकदा तरी मान वळवून विचारावं ना, तुला कुठं जायचंय म्हणून?"

शोरूममध्ये टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. टाचणी पडली नाही. काचेच्या केबिनचं दार उघडलं, आतून मॅनेजर आले आणि त्यांनी तपासनिसांचं कोपर अलगद धरलं. "या साहेब. जरा आत बसा."

आत त्यांनी स्वतःच्या हातानं पाणी दिलं. समोर बसले. मग म्हणाले, "मीही संसारी माणूस आहे. हँडलिंग चार्जेस काढून टाकतो. एक हेल्मेट माझ्याकडून. तुम्ही फक्त मन शांत ठेवा."

अहो, ती नाटक करत होती! हे वाक्य तपासनिसांच्या जिभेच्या टोकावर आलं. पण ते बाहेर पडलं असतं तर चार्जेस परत आत आले असते. अब्रू की तत्त्व, असा हा पेच होता. तपासनिसांनी पाण्याचा मोठा घोट घेतला आणि त्याबरोबर वाक्य गिळून टाकलं. बाहेर आले तेव्हा जोडप्यातल्या नवऱ्यानं, अगदी पोरगेलासा होता तो, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून हलकेच दाबला.

बसमध्ये बायको खिडकीतून बाहेर बघत बसली. इमारतीत विमा एजंटांनी स्वतःच्याच विजयाच्या थाटात सगळ्यांना बातमी दिली. हेडमास्तरांनी हा सत्याचा विजय असल्याचं जाहीर केलं. तपासनीस तोंड पाडून बसले होते.

"झालं ना तुमच्या मनासारखं?" जेवताना बायकोनं विचारलं.

"झालं."

"मग?"

"ते टोलनाक्याचं... ते मध्येच कुठून आलं?"

"ओघात आलं," ती म्हणाली आणि ताटं उचलायला लागली. लेक दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. तिनं काही बोलायचं टाळलं, आणि ते तपासनिसांना जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ते एकटेच शोरूमला गेले. थेट केबिनमध्ये शिरले. "मला हँडलिंग चार्जेस भरायचेत," ते म्हणाले.

मॅनेजरांनी त्यांना बसवलं. "काही गरज नाही, साहेब."

"पण मला भरायचेत. मला दया नको."

"आता ते सिस्टीममधून काढलेत. एकदा काढले की परत घालायची सोय नाही."

"काढता येत नाहीत असं तुम्हीच म्हणत होता!"

"काढता येत नव्हतेच. खास बाब म्हणून काढले. आता घालायचे तर हेड ऑफिसची मंजुरी लागेल. कारण द्यावं लागेल. काय कारण देऊ?"

"कारण काल माझी बायको नाटक करत होती!" तपासनीस ओरडले. "मीच सांगितलं होतं तिला! आम्ही घरी तालीम केली होती!"

मॅनेजरांनी उठून केबिनचं दार हळूच लावून घेतलं. परत येऊन बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "माझीही करते, साहेब."

तपासनीस बाहेर आले. दारापाशी त्यांची काळी मोटारसायकल उभी होती, हँडलला त्यांच्या नावाची चिठ्ठी होती. ते तिच्याकडे बघत राहिले. काळा रंग खरंच मळखाऊ होता. इतका, की त्यात बघणाऱ्याचा चेहराही दिसत नव्हता. त्यांनी सेल्समनला बोलावलं.

"रंग बदलून मिळेल?"

"मिळेल, सर. पण दुसऱ्या रंगांना थोडे जास्त पडतील. कुठला देऊ?"

आणि तपासनीस अडकले. त्यांना तो प्रश्न सुटेना. दुकानदारांची, ठेकेदारांची कित्येक वर्षांपूर्वीची बिलं त्यांना तोंडपाठ होती. त्यांनी कोपऱ्यात जाऊन लेकीला फोन लावला.

"आईला रंग कुठला आवडतो?"

"बाबा, तुम्ही हे मला विचारताय?"

"तिला निळा आवडतो ना? नेहमी निळंच घेते."

"तुम्हाला निळा आवडतो असं तिला वाटतं, म्हणून घेते."

"मला कुठं आवडतो निळा?"

"बाबा," लेक म्हणाली, "लाल घ्या. भडक नको. विटेसारखा."

तपासनिसांनी विटेसारखा लाल घेतला. नवं कोटेशन आलं. त्यात दोन-तीन नव्या ओळी होत्या. सेल्समननं सवयीनं खुर्ची जरा मागे घेतली. तपासनिसांनी बोट न फिरवता खाली सही केली आणि चष्मा आठवणीनं खिशात घातला.

गाडी घ्यायला दोघं गेले तेव्हा मॅनेजर स्वतः दारात आले. चावी त्यांनी अदबीनं बायकोच्या हातात दिली. "मॅडम, तुमच्याकडेच असू द्या. साहेब तसे मनानं चांगले आहेत हो." बायकोनं तपासनिसांकडे बघितलं. तपासनिसांनी छताकडे बघितलं. हे आता कायम सोसायचं आहे, हे त्यांना कळून चुकलं होतं.

बाहेर उन्हात ती गाडी उभी होती. बायको थांबली. टाकीवरून तिनं एक बोट हळूच फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"याच्यावर मळ दिसेल हं," ती म्हणाली.

"दिसू दे."

तपासनिसांनी हेल्मेट घातलं, गाडी सुरू केली. ती मागे बसली. गाडी जागेवरच गुरगुरत राहिली. काय विचारायचं ते ठरलं होतं, पण तोंडातून दुसरंच आलं.

"त्या दिवशी... त्यात नाटक किती होतं?"

"पहिली दोन वाक्यं," बायको म्हणाली.

तपासनिसांनी मान हलवली. हेल्मेटमुळे ती जरा जास्तच हलली. मग ती त्यांनी पुरती मागे वळवली. हेल्मेटसकट ते बरंच अवघड काम होतं. "कुठं जायचंय तुला?"

असं कुणी अचानक विचारलं की सुचत नाही. ती गोंधळली. रस्त्याच्या या टोकाला बघितलं, त्या टोकाला बघितलं. घर डावीकडे होतं, बाजार डावीकडे होता, तिची शाळा डावीकडे होती.

"उजवीकडे," ती म्हणाली.

"उजवीकडे काय आहे?"

"मला काय माहीत? कधी गेलोय का आपण?"

तपासनिसांनी गिअर टाकला. तेवढ्यात शोरूमचं दार उघडलं आणि सेल्समन हात हलवत धावत बाहेर आला. "सर! नव्या गाडीत पेट्रोल अगदी नावापुरतं असतं! पंपापर्यंतच पुरेल! पंप डावीकडे आहे, सर!"

"अहो, ऐकलंत का?" बायकोनं विचारलं.

"ऐकलं," तपासनीस म्हणाले, आणि त्यांनी गाडी उजवीकडे वळवली.